मेलवर आलेला पॅच गिटमध्ये लावायचा कसा? नवख्यांसाठी, पहिल्या पायरीपासून

गिटहबवर काम शिकलेल्यांना दुसऱ्याचा बदल आपल्या कोडमध्ये घेणं म्हणजे पुल रिक्वेस्टखालचं हिरवं बटण दाबणं, एवढंच माहीत असतं. मग कधीतरी लिनक्स कर्नेल, क्यूईएमयू, यू-बूट किंवा खुद्द गिटच्याच कोडशी गाठ पडते आणि कळतं की इथे तसलं बटणच नाही. बदल ‘पॅच’ म्हणून, म्हणजे काय काढलं आणि काय घातलं ते दाखवणारा मजकूर म्हणून, मेलने येतात, त्यांची चिरफाड मेलवरच होते आणि पसंत पडले की मेलमधूनच उचलून रेपोत घातले जातात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पातही पॅच मेललाच जोडून फिरतात.

ही पद्धत जुनाट वाटते, पण गिट मुळात याच कामासाठी घडलं. कर्नेलवाले वापरत असलेल्या बिटकीपर या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची फुकट सोय बंद झाली, आणि एप्रिल २००५मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. त्याच्यापुढे ढीगभर मेल असायचे आणि ते भराभर लावायचे असायचे. त्यामुळे मेलमधून कमिट करायची सोय गिटमध्ये नंतर चिकटवलेली नाही, ती पहिल्यापासूनची आहे.

नवखे जिथे जिथे अडकतात, त्यातल्या बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं: ते मेल उघडतात, त्यातला डिफ (बदललेल्या ओळींचा भाग) माऊसने निवडतात, कॉपी करतात आणि एका फाइलीत चिकटवतात. हे करू नका. मेल अख्खाच्या अख्खा गिटच्या हवाली करा. लेखकाचं नाव, तारीख, संदेश, बदल हे सगळं त्यात गिटला समजेल अशा रीतीने आधीच मांडलेलं असतं.

एक खुलासा: इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. ‘एएम’ म्हणजे ए आणि एम ही दोन अक्षरं; मेलमधला पॅच लावून कमिट करणारी ‘गिट एएम’ हीच या लेखातली मुख्य आज्ञा.

काय काय हाताशी हवं

- गिट, आणि त्यात तुमचं नाव व मेलपत्ता भरलेला (गिट कॉन्फिग --ग्लोबल यूझर.नेम, आणि तसंच यूझर.ईमेल). हे नसेल तर गिट ऐन वेळी ‘प्लीज टेल मी हू यू आर’ म्हणून अडून बसतं.
- प्रकल्पाचा रेपो, नुकताच फेच केलेला.
- कच्चा मेल फाइल म्हणून उतरवू देणारा मेल प्रोग्राम. थंडरबर्ड चालेल, मट तर उत्तमच, जीमेलही चालतं.
- कर्नेलचं काम असेल तर बी४ नावाचं साधन. पायथनच्या पिपने बसतं.

१. आधी मेल नीट वाचा

विषयाच्या ओळीत साधारण असं काही दिसेल:

    [पॅच व्ही२ ३/७] पीओ: मराठी भाषांतरातली बहुवचनं दुरुस्त

म्हणजे ही मालिकेची दुसरी आवृत्ती, सातांपैकी तिसरा पॅच. ०/७ हा नुसता प्रस्तावनेचा मेल असतो, त्यात कोड नसतो. पण तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण ही मालिका कशावर बेतली आहे, आधीच्या आवृत्तीपासून काय बदललं, हे तिथेच सांगितलेलं असतं.

मग मजकूर बघा. वरचा भाग कमिटचा संदेश. त्यानंतर तीन डॅशांची एक ओळ येते. तिच्याखाली, डिफ सुरू होण्याआधी लेखक जे लिहितो (‘व्ही२मध्ये अमुक बदललं’ वगैरे), ते फक्त वाचणाऱ्यांसाठी असतं. गिट ते कमिटमध्ये घेत नाही. तळाला दोन डॅश आणि एखादा २.४३.० सारखा आकडा दिसला तर बुचकळ्यात पडू नका, ती पाठवणाऱ्याच्या गिटची आवृत्ती आहे.

कधी तळाशीच ‘बेस-कमिट’ अशी ओळ आणि पुढे लांबलचक हॅश असतो, म्हणजे मालिका ज्या कमिटवर बेतली त्याची खूण. तो मिळाला तर सोनं समजा, पायरी ३मध्ये लागेल.

गिट फॉरमॅट-पॅच या, कमिटपासून मेलसारखी फाइल बनवणाऱ्या आज्ञेने तयार केलेली फाइल थेट हातात आली, तर तिच्या पहिल्या ओळीत ‘सोमवार, १७ सप्टेंबर २००१’ अशी तारीख दिसते. पॅच इतका जुना कसा, असं वाटून अनेक जण फाइल बाजूला ठेवतात. ती तारीख ठरावीक आहे, प्रत्येक फाइलीत तीच असते. ही फाइल फॉरमॅट-पॅचची आहे एवढीच ती खूण. खरी तारीख तिच्याखालच्या ‘डेट’ ओळीत.

आणि उत्तरांवर नजर टाका. ‘हा नको, व्ही३ पाठवतोय’ असं लेखकानेच खाली लिहिलेलं असेल तर पुढच्या सगळ्या पायऱ्यांची मेहनत वाचली.

२. मेल कच्चा उतरवून घ्या

जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘शो ओरिजिनल’ आणि मग ‘डाउनलोड ओरिजिनल’. तुम्हाला डॉट-ईएमएल फाइल मिळते. थंडरबर्डमध्ये ‘सेव्ह ॲज’ केलं की तशीच फाइल मिळते. मटमध्ये तर उतरवण्याचीही गरज नाही: मेलवर असताना उभ्या रेघेची कळ दाबा, ‘गिट एएम’ टाइप करा, झालं.

‘शो ओरिजिनल’ने जे पान उघडतं, त्यातूनच मजकूर कॉपी करायचा मोह होतो. तिथे फसायला होतं. मेल पाठवताना कोडची बरोबर-चिन्हं पुष्कळदा ‘=३डी’ अशी लिहिली जातात, ओळीच्या शेवटी नुसतं ‘=’ येतं. मराठी मजकूर असेल तर आणखीच मजा. समजा भाषांतराची एमआर डॉट पीओ फाइल बदलणारा पॅच आहे. अशा कच्च्या मेलमध्ये एकही मराठी अक्षर दिसणार नाही; ‘=ई०=ए४’ आणि ‘=ई०=ए५’ यांनी सुरू होणारी नुसती माळ दिसेल, कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर याच बाइटांनी सुरू होतं. नाहीतर सगळा मेल बेस६४ नावाच्या दुसऱ्या सांकेतिक रूपात गुंडाळलेला असेल. हे सगळं उलगडायचं काम गिट एएम बिनबोभाट करतं, पण त्याला शीर्षकासकट (मेलच्या वरच्या ‘फ्रॉम’, ‘डेट’ वगैरे ओळींसकट) पूर्ण फाइल मिळाली तरच. कोणत्या पद्धतीने गुंडाळलंय हे शीर्षकात लिहिलेलं असतं, आणि कॉपी करताना नेमकं तेच मागे राहतं.

दाखवलेल्या मेलमधून कॉपी केलं तर वेगळीच गंमत: टॅबांचे स्पेस होतात, लांब ओळी मोडतात. डोळ्यांना पॅच अगदी तसाच दिसतो आणि गिट म्हणतं ‘करप्ट पॅच ॲट लाइन २३’.

कधी मात्र चूक पाठवणाऱ्याकडेच झालेली असते. जीमेलचं वेबवरचं खिडकीतलं लिखाण पॅच पाठवायला निरुपयोगी आहे. ते टॅब बदलतं आणि ७८ अक्षरांवर ओळ तोडतं. असा मोडून आलेला पॅच हाताने सांधत बसू नका. ‘गिट सेंड-ईमेलने पुन्हा पाठवाल का?’ एवढं विनम्रपणे लिहा. यात कोणाला राग येत नाही.

मालिका मोठी असेल तर वीस मेल एकेक करून उतरवणं म्हणजे शिक्षाच. कर्नेलच्या बाबतीत लोअर डॉट कर्नेल डॉट ऑर्ग या संग्रहात प्रत्येक मेल सापडतो, आणि बी४ तिथून थेट मालिका आणतं:

    बी४ एएम <मेसेज-आयडी>

मेसेज-आयडी मेलच्या शीर्षकातून घ्यायचा. बी४ मालिकेतले सगळे पॅच ओळीने लावून एक डॉट-एमबीएक्स फाइल बनवतं, ‘-सी’ दिलं तर नवी आवृत्ती आली आहे का ते बघून ती उचलतं, आणि लोकांनी उत्तरांत दिलेल्या ‘रिव्ह्यूड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’ या ओळी ज्या त्या पॅचखाली चिकटवतं. हे शेवटचं काम हाताने करून पाहिलेल्यालाच त्याची किंमत कळेल.

३. रेपो स्वच्छ, ब्रँच वेगळी

गिट स्टेटस करा. अर्धवट बदल पडले असतील तर कमिट करा किंवा स्टॅशमध्ये टाका. इंडेक्समध्ये (गिट ॲड केलेल्या, पण कमिट न झालेल्या बदलांत) काही राहिलं असेल तर एएम ‘डर्टी इंडेक्स’ म्हणून सुरूच होणार नाही.

मुख्य ब्रँचवर थेट काही लावू नका. नवी ब्रँच काढा, आणि बेस-कमिट मिळालं असेल तर तिथूनच काढा:

    गिट स्विच -सी बहुवचन-व्ही२ <बेस-कमिटचा हॅश>

बेस दिलेला नसेल तर प्रकल्पाच्या नियमांत बघा. कर्नेलमध्ये प्रत्येक उपविभागाचा रेपो वेगळा असतो. नेटवर्किंगचा पॅच लिनसच्या मुख्य झाडावर, म्हणजे रेपोवर, लावायला गेलात तर तो पुष्कळदा बसणार नाही, आणि दोष पॅचचा नसेल. पॅच ‘लागत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत चुकीच्या ठिकाणी लावायला गेलेलेच जास्त भेटतात.

४. लावण्याआधी चाचपणी

    गिट अप्लाय --स्टॅट फाइल.ईएमएल
    गिट अप्लाय --चेक फाइल.ईएमएल

पहिलीने कोणत्या फाइलींत किती ओळी बदलणार ते दिसतं, दुसरीने पॅच बसेल का ते कळतं. दोन्ही आज्ञा काहीही बदलत नाहीत. चेक गप्प राहिली म्हणजे सगळं ठीक. मात्र मेल बेस६४ किंवा ‘=३डी’वाला असेल तर ही पायरी सोडा, कारण अप्लायला मेल उलगडता येत नाही. मालिकेतही चेकवर फार विसंबू नका. दुसरा पॅच पहिल्यावर उभा असेल तर एकटा तपासल्यावर तो नापासच होणार.

आणि डिफ डोळ्यांखालून घाला. मेलच्या ‘फ्रॉम’मध्ये कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतं, आणि गिट एएम पाठवणाऱ्याची ओळख तपासत नाही. अनोळखी माणसाचा पॅच न वाचता बिल्ड करणं म्हणजे त्याला आपल्या यंत्रावर वाटेल ते चालवू देणं.

५. आता लावा

    गिट एएम -३ फाइल.ईएमएल

एवढंच. गिट मेलमधून लेखक, तारीख आणि संदेश काढतं, बदल लावतं आणि कमिट करतं. लेखक म्हणून पाठवणाऱ्याचं नाव लागतं, कमिट करणारे म्हणून तुमचं.

काही जण इथे गिट अप्लाय वापरतात, किंवा लॅरी वॉलने १९८५मध्ये लिहिलेला ‘पॅच’ हा प्रोग्राम. दोन्हींनी फाइली बदलतात, पण कमिट होत नाही. मग तुम्ही स्वतः कमिट करता आणि दुसऱ्याच्या मेहनतीवर तुमचं नाव लागतं. शिवाय ‘पॅच’ हा आजूबाजूच्या ओळी थोड्या वेगळ्या असल्या तरी अंदाजाने बदल घुसवतो. क्वचित तो भलत्याच फंक्शनमध्ये जाऊन बसतो आणि कोड बिनतक्रार कंपाइलही होतो. गिट अशी सूट देत नाही. ओळी वरखाली सरकलेल्या असल्या तर ते जागा शोधून काढतं, पण आजूबाजूचा मजकूर जुळलाच पाहिजे. हा कडकपणा आपल्या भल्याचा आहे.

‘-३’ कायम ठेवा. पॅच जसाच्या तसा बसला नाही तर गिट डिफमधल्या ‘इंडेक्स’ ओळीतले हॅश वापरून मूळ फाइल शोधतं आणि नेहमीच्या मर्जसारखं तिहेरी मर्ज करून पाहतं. दर वेळी टाइप करायचा कंटाळा येत असेल तर एएम.थ्रीवे हे कॉन्फिगमध्ये ट्रू करून टाका.

मालिका असेल तर सगळ्या फाइली क्रमाने द्यायच्या. नावं ०००१, ०००२ अशी असली तर तारांकन देऊन चालतं. मेल प्रोग्रामने विषयावरून नावं दिली असली तर १० हा २च्या आधी येतो आणि गोंधळ उडतो. प्रस्तावनेची फाइल वगळा, नाहीतर गिट ‘पॅच इज एम्प्टी’ म्हणून थांबेल. थांबलंच तर गिट एएम --स्किप करून पुढे जा.

विषयातला चौकोनी कंस गिट काढून टाकतं. सहसा तेच हवं असतं. पण काही प्रकल्पांत [एआरएम] सारखा कंस संदेशाचाच भाग असतो, तिथे ‘-बी’ द्या. मग फक्त ‘पॅच’ असलेला कंस जातो. प्रकल्पाला तुमची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ हवी असेल तर ‘-एस’ द्या. ही ओळ शोभेची नाही. हा कोड पुढे द्यायचा मला हक्क आहे, असं तिने तुम्ही जाहीर करता. कर्नेलमध्ये ती प्रथा २००४पासून आहे.

‘ट्रेलिंग व्हाइटस्पेस’ (ओळीच्या शेवटी उगाच सुटलेली जागा) अशी वॉर्निंग आली तर घाबरू नका. ती नुसती सूचना आहे, पॅच लागलेला असतो.

६. अडलं तर

अडणारच. पडद्यावर ‘पॅच फेल्ड ॲट ०००३’ असं काहीतरी येईल. या क्षणी रेपो मधल्यामध्ये थांबलेला आहे: पहिले दोन पॅच कमिट झालेत, तिसरा लटकलाय, बाकीचे गिटने डॉट-गिट फोल्डरमधल्या रिबेस-अप्लायमध्ये जपून ठेवलेत. घाईघाईत दुसरी आज्ञा मारायच्या आधी हे बघा:

    गिट एएम --शो-करंट-पॅच=डिफ

आता तुमच्यापुढे मोजक्याच वाटा असतात.

सगळं सोडून द्यायचं तर गिट एएम --अबॉर्ट. ब्रँच सुरुवातीच्या जागी येते. नव्या माणसाने ही वाट बिनदिक्कत वापरावी. बेस चुकला असेल तर दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा नवी ब्रँच योग्य जागेवरून काढणं केव्हाही सोपं.

‘-३’मुळे फाइलीत मर्जसारख्या संघर्षाच्या खुणा पडल्या असतील तर त्या नेहमीप्रमाणे सोडवा, गिट ॲड करा आणि

    गिट एएम --कंटिन्यू

इथला सापळा मोठा आहे. सवयीने हात ‘गिट कमिट’कडे जातो. ते करू नका. तसं केलंत की कमिट तुमच्या नावावर होतं, लेखकाचा संदेश हरवतो, आणि मग कंटिन्यू म्हटलं की गिट विचारतं, ‘बदल कुठे आहेत?’ त्यानंतर अबॉर्टही ब्रँच मागे नेत नाही, कारण मधल्या काळात हेड (ब्रँचचं सध्याचं टोक) हलल्याचं त्याला दिसतं.

खुणाच पडल्या नाहीत आणि ‘रेपॉझिटरी लॅक्स नेसेसरी ब्लॉब्ज’ असं काही दिसलं, तर मूळ फाइलीची ती आवृत्ती तुमच्याकडे नाही. लेखकाने ज्या झाडावर काम केलं ते रिमोट म्हणून जोडा, फेच करा, अबॉर्ट करून पुन्हा लावा. पुष्कळदा एवढ्याने भागतं.

तेही जमलं नाही तर:

    गिट अप्लाय --रिजेक्ट .गिट/रिबेस-अप्लाय/पॅच

जेवढे हंक (डिफचे तुकडे) बसतात तेवढे बसतात, न बसलेले डॉट-आरईजे फाइलींत पडतात. ते उघडून हाताने बदल करा. मग गिट ॲड, आणि कंटिन्यू. ॲड करताना पूर्णविराम देऊन सगळंच ॲड केलंत तर आरईजे फाइलीही कमिटमध्ये जातात. कोणाच्या तरी रेपोत त्या वर्षानुवर्षं पडून असतात. फाइलींची नावं घेऊन ॲड करा, आणि पॅचने नवी फाइल आणली असेल तर ती विसरू नका.

‘प्रीव्हियस रिबेस डिरेक्टरी स्टिल एक्झिस्ट्स’ हा संदेश आला तर मागचं एखादं एएम अर्धवट राहिलंय. अबॉर्ट करा, किंवा आहे ती जागा न सोडता फक्त सत्र बंद करायचं तर --क्विट.

फाइल विंडोजवाली, म्हणजे ओळींच्या शेवटी सीआर-एलएफ ही दोन न दिसणारी चिन्हं असतील, तर एएम मेलमधले सीआर काढून टाकतं आणि मग ओळी जुळत नाहीत. डिफ पाहून काही वेगळं दिसतच नसेल, तरी बसत नसेल, तर --कीप-सीआर देऊन बघा.

७. लागला, आता तपासा

    गिट लॉग --फॉरमॅट=फुलर

लेखक आणि कमिट करणारा, दोन्ही नावं बघा. काही ठिकाणी मेल पुढे पाठवणारा सर्व्हर ‘फ्रॉम’ बदलतो आणि लेखकाच्या जागी ‘अमुक व्हाया तमुक’ असं नाव येतं. शेवटचंच कमिट असेल तर गिट कमिट --अमेंड --ऑथर देऊन ते सुधारता येतं. मराठी नाव किंवा संदेश असेल तर तो नीट उमटलाय का, तेही इथेच दिसेल.

मग बिल्ड, मग चाचण्या. मालिका असेल तर प्रत्येक पॅचनंतर बिल्ड व्हायला हवी, फक्त शेवटी नव्हे. नाहीतर पुढे कोणी बायसेक्ट करताना, म्हणजे बिघाड कोणत्या कमिटने आला ते शोधताना, मध्येच मोडकं कमिट भेटतं.

सराव करायचा असेल तर कोणाच्या मेलची वाट पाहायची गरज नाही. गिटहबवरच्या कुठल्याही सार्वजनिक पुल रिक्वेस्टच्या पत्त्यापुढे डॉट-पॅच लावा, गिट एएमला चालेल असा मजकूर मिळतो. तो उतरवा, मुद्दाम जुन्या कमिटवरून ब्रँच काढा आणि लावा. पायरी ६ची भेट होईल.

आणि थोड्या दिवसांनी व्ही३ येईल. ते व्ही२च्या डोक्यावर लावायचं नसतं. त्याच बेसवरून दुसरी ब्रँच काढा, मालिका लावा आणि दोन्हींची तुलना करा:

    गिट रेंज-डिफ <बेस> बहुवचन-व्ही२ बहुवचन-व्ही३

कोणत्या पॅचमध्ये नेमकं काय बदललं ते समोर येतं, आणि सातही पॅच पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागत नाहीत.